कमरेस न काचणारा स्कर्ट

(रेडिओवरील भाषण)



घरांतील शिवणकाम म्हटलें म्हणजे उशांचे अभ्रे, लहान मुलांचीं झबलीं, फार तर परकर-पोलकें, येथपर्यंत आपली मजल सहज जाते. पण जर्सीचें, म्हणजे ओढलें असतां ताणलें जाणारें आणि सोडलें असतां पुन्हां जागेवर येणारें कापड समोर आलें कीं, पुष्कळजणी कात्री खालीं ठेवतात. हें कापड कारखान्यानेंच शिवावें, घरच्या यंत्रावर तें जमावयाचें नाहीं, अशी एक समजूत दृढ होऊन बसली आहे. ती समजूत किती निराधार आहे हें दाखविणें, आणि अशा कापडाचा साधा स्कर्ट घरीं कसा शिवावा हें सांगणें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

तयार स्कर्ट बाजारांत हवे तितके मिळत असतां हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. माझें उत्तर एका शब्दांत देतां येईल: कमरेसाठीं. कमरेवर काचणारी नाडी ही आपल्याकडील स्त्रियांची इतकी जुनी सोबतीण आहे कीं, तिचा त्रास हा त्रास म्हणून कोणी सांगतच नाहीं. रात्रीं परकर सोडतांना कमरेभोंवतीं उमटलेला वळ, तेथील काळसर पडलेली कातडी, उन्हाळ्यांत घामानें होणारी खाज, या सर्व गोष्टी आपण बाईच्या जन्माबरोबर आलेल्या मानतों. २०२४ सालीं वर्धा येथील आणि बिहारमधील मधुबनी येथील वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांनीं 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या ब्रिटिश नियतकालिकांत दोन वयस्क स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघींच्याहि कमरेच्या काठावर बरी न होणारी जखम झाली होती, आणि तपासणीअंतीं तो त्वचेचा कर्करोग ठरला. एकजण परकराची नाडी घट्ट बांधून वर साडी नेसत असे. दुसरी परकराविना लुगडेंच अनेक वर्षें कमरेस कसून नेसत असे. असा प्रकार अगदीं विरळा घडतो. तेव्हां घाबरून जाण्याचें कारण नाहीं. परंतु कमरेवरचा व्रण कांहीं आठवडे भरून येत नसेल, तर तो डॉक्टरांस दाखवावा, आणि रोज त्याच एका रेषेवर दोरी आवळूं नये, एवढा धडा त्यांतून घेण्यासारखा आहे.

यांतील शास्त्र सोपें आहे. दोरीचा ताण तोच ठेवला, तरी ती जितकी अरुंद तितका कातडीवरचा दाब अधिक. अर्ध्या सेंटिमीटरच्या नाडीऐवजीं अडीच सेंटिमीटर रुंदीची पट्टी वापरली, तर तोच ताण पांचपट जागेवर पसरतो आणि दाब एकपंचमांश होतो. शिवाय आपण जमिनीवर बसलों, पोटभर जेवलों, कीं कमरेचा घेर कांहीं सेंटिमीटरांनीं वाढतो. नाडीची गांठ ही वाढ जाणत नाहीं. ताणलें जाणारें कापड व रुंद इलॅस्टिक मात्र तिला वाट देतात.

आतां हें कापड ताणलें कसें जातें तें पाहूं. मराठींत आपण मागावर काम करण्यासहि 'विणणें' म्हणतों आणि दोन सुयांवर स्वेटर करण्यासहि 'विणणें'च म्हणतों. एका शब्दामुळें दोन निराळ्या गोष्टी एक वाटतात. मागावरच्या कापडांत उभे धागे ताणून बसविलेले असतात व आडवा धागा त्यांच्या खालून-वरून जातो. दोन्ही धागे जवळजवळ सरळ. म्हणून त्यांस लांबण्यास जागाच नसते. तें कापड उरेब धरून ओढलें तरच कांहीसें देतें. जर्सींत याच्या उलट, धागा फांसांतून फांस असा ओवीत नेलेला असतो. स्वेटर विणणाऱ्या भगिनींस हें सांगावयास नको. त्यांचे सुलट व उलट टांके म्हणजे हेच फांस. असें कापड आडवें ओढलें कीं प्रत्येक फांस रुंद व आंखूड होतो. धागा स्वतः ताणला जात नाहीं, त्याचा बांक तेवढा सरळ होतो. सोडल्यावर तो पुन्हां वळतो. म्हणूनच हें कापड उंचींत कमी व रुंदींत अधिक ताणलें जातें. ही एक गोष्ट ध्यानांत राहिली म्हणजे पुढची निम्मी शिकवणी आपोआप उलगडते.

हातानें होणारें हें काम यंत्राकडून करवून घेण्याची कल्पना फार जुनी आहे. इंग्लंडांतील विल्यम ली यांनीं १५८९ सालीं पायमोजे विणण्याचें पहिलें यंत्र तयार केलें. इंग्लिश खाडींत फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ जर्सी आणि गर्न्सी अशीं दोन बेटें आहेत. तेथील कोळ्यांचे व खलाशांचे विणलेले लोकरी सदरे प्रसिद्ध होते. पहिल्या बेटानें कापडास नांव दिलें; दुसऱ्या बेटावरून 'गर्न्सी फ्रॉक' हें नांव आलें आणि आपल्याकडे येतां येतां त्याचा 'गंजीफ्रॉक' झाला. म्हणजे घरांतील पुरुषमंडळी इतकीं वर्षें जें सुख अंगावर वागवीत आहेत, तेंच आपण आज कमरेखालीं आणूं पाहत आहों! हा विचार मीच प्रथम करतें असें नाहीं. पुरुषांच्या आंतल्या कपड्यांसाठीं वापरली जाणारी जर्सी पॅरिसच्या गाब्रिएल शानेल यांनीं १९१६ च्या सुमारास स्त्रियांच्या बाहेरच्या पोशाखांत आणली, आणि घट्ट कांचोळ्यांना कंटाळलेल्या स्त्रियांनीं तिचें स्वागत केलें. पुढें १९५८ सालीं अमेरिकेंतील ड्यू पाँ कंपनींत जोसेफ शिव्हर्स यांनीं रबरासारखा ताणला जाणारा कृत्रिम धागा शोधून काढला. लायक्रा या नांवानें आपण त्यास ओळखतों. सुती जर्सींत हा धागा शंभरांत पांचाच्या आसपास मिसळला, कीं ताणलेलें कापड परत जागेवर येण्याची शक्ति पुष्कळ वाढते.

कापडाच्या दुकानांत या मालास 'होजिअरी' किंवा 'निटेड' म्हणतात. आपल्या देशांत सुती होजिअरीसाठीं तामिळनाडूंतील तिरुपूर आणि लोकरीसाठीं पंजाबांतील लुधियाना हीं शहरें विख्यात आहेत. कापडाच्या जाती अनेक असल्या, तरी आपणांस तिघींचीच ओळख पुरे. साधी जर्सी ही गंजीफ्रॉकाची जात: पातळ, मऊ, आणि कापतांच कांठ गुंडाळून घेणारी. दुसरी इंटरलॉक: दोन्ही बाजूंस सारखीच दिसते, कांठ फारसे गुंडाळत नाहींत. तिसरी पाँटे: अधिक जाड, भारदस्त पडणारी. प्रथमच शिवणाऱ्या भगिनीनें इंटरलॉक किंवा पाँटे घ्यावें. दर चौरस मीटरास दोनशें ग्रॅमपेक्षां हलकें कापड स्कर्टास नको. तें अंगास चिकटतें व आंतल्या कपड्यांच्या रेषा दाखवितें. सुलट-उलट ओळखण्याची युक्ति अशी: साध्या जर्सीचा आडवा कापलेला कांठ हलकेच ताणावा, तो ज्या बाजूकडे वळतो ती सुलट बाजू.

दुकानांतच दोन परीक्षा कराव्या. कापड आडवें दुमडून घडीजवळ दहा सेंटिमीटरचा भाग चिमटींत धरावा आणि मापाच्या फितीवर ताणून पाहावा. फार जोर न करतां तो तेरापर्यंत गेला, तर कापड शेंकडा तीस ताणलें जातें असें समजावें. मग हात सोडावा. तें पुन्हां बरोबर दहावर आलें पाहिजे. साडेदहावर रेंगाळलें, तर तें कापड घेऊं नये; चार वेळां बसल्या-उठल्यावर स्कर्टाच्या मागें झोळ पडेल. ताणणें हा गुण खरा, पण परत येणें हा त्याहून मोठा गुण आहे.

कापड घरीं आणल्यावर कात्री लावण्यापूर्वीं तें धुवावें. पुढें स्कर्ट ज्या रीतीनें धुणार, त्याच रीतीनें आतां कापड धुवावें. सुती होजिअरी पहिल्या धुण्यांत उंचींत शंभरांस पांच, केव्हां केव्हां त्याहूनहि अधिक आंखडते. सत्तर सेंटिमीटर उंचीच्या स्कर्टांत हा फरक साडेतीन सेंटिमीटरांचा होतो, आणि शिवून झाल्यावर त्यास उपाय नाहीं. ओलें कापड दोरीवर लोंबत न टाकतां सपाट पसरून वाळवावें. नाहीं तर स्वतःच्या वजनानेंच तें लांबतें.

आतां मापें. उदाहरणादाखल कमर ७६ सेंटिमीटर, नितंबांवरचा सर्वांत मोठा घेर १०० आणि उंची ७० अशीं मापें धरूं. आपापलीं मापें प्रत्येकीनें त्यांच्या जागीं घालावीं. या स्कर्टास बटण नाहीं, चेन नाहीं, काज नाहीं. तो पायांतून वर ओढून घालावयाचा. म्हणून कमरेचें तोंड ताणल्यावर नितंबांवरून गेलें पाहिजे, हा सर्व आंखणीचा कणा आहे. कापड शेंकडा तीस ताणलें जात असेल, तर १०० ला १.३ नें भागावें, ७७ येतात. याहून लहान तोंड कापूं नये. आपण थोडी सवलत ठेवून ८० धरूं. नितंबांवर मात्र जास्तीचा एकहि सेंटिमीटर देण्याचें कारण नाहीं. मागाच्या कापडांत चालण्या-बसण्यासाठीं जी सैल जागा ठेवावी लागते, ती येथें कापड स्वतःच देतें.

स्कर्टाचे पुढचा व मागचा असे दोनच भाग, आणि दोन्ही अगदीं सारखे. जुन्या वर्तमानपत्रावर अर्ध्या भागाचा नमुना काढावा. कागदाची डावी कड ही मधली घडी. कमरेच्या रेषेवर घडीपासून २० सेंटिमीटर (८० चा चौथा भाग), तेथून २० सेंटिमीटर खालीं २५ (१०० चा चौथा भाग), आणि तळाशीं ३४ अशा खुणा कराव्या. कमरेपासून नितंबापर्यंत किंचित् फुगीर रेषा व तेथून तळापर्यंत सरळ रेषा काढावी. बाजूस शिवणीसाठीं एक सेंटिमीटर सर्वत्र वाढवावा. कमरेच्या वर नेफ्यासाठीं साडेतीन सेंटिमीटरची पट्टी सरळ उभी न्यावी आणि तळाशीं दुमडण्यास अडीच सेंटिमीटर ठेवावे. अशा रीतीनें एकूण उंची ७६ झाली.

एक बारकावा येथें सांगितला पाहिजे. बाजूची रेषा तिरपी असल्यामुळें ती मधल्या घडीपेक्षां सुमारें दीड सेंटिमीटर लांब होते. ती तशीच राहिली, तर स्कर्ट दोन्ही बाजूंस खालीं लोंबतो. यासाठीं तळाची रेषा बाजूकडे दीड सेंटिमीटर वर उचलून अलगद गोलाई द्यावी. ज्यांचें पोट पुढें आहे त्यांनीं पुढच्या भागाची कमर मध्यावर एखादा सेंटिमीटर उंच कापावी. म्हणजे पुढून स्कर्ट वर चढणार नाहीं.

दीडशें सेंटिमीटर पन्ह्याचें कापड असेल, तर एक मीटर पुरतें. दोन्ही कांठ आंत दुमडून मधोमध एकमेकांस भिडवावे. दोन बाजूंस दोन घड्या तयार होतात आणि प्रत्येक घडीची रुंदी साडेसदतीस सेंटिमीटर येते. आपला नमुना तळाशीं पस्तीसच आहे. एका घडीवर पुढचा, दुसरीवर मागचा भाग बसतो. अधिक ताणली जाणारी दिशा कमरेभोंवतीं आली पाहिजे, उभी नव्हे. कापड टेबलाच्या कडेवरून खालीं लोंबूं देऊं नये; लोंबलें कीं तें ताणतें आणि कापलेला भाग मागाहून लहान भरतो. टांचण्या शिवणीच्या आंतच टोंचाव्या.

यानंतर सुई. जर्सी घरीं न जमण्याचें निम्मे कारण चुकीची सुई हेंच असतें. नेहमींच्या सुईचें टोंक तीक्ष्ण असतें. तें फांसाचा धागा फोडतें, आणि एक धागा तुटला कीं पायमोज्यास पडते तशी उभी शिडी पडते. गोल टोंकाची सुई धागा न फोडतां बाजूस सारून आंत शिरते. दुकानांत 'बॉल पॉइंट' किंवा 'जर्सी' या नांवानें ती मिळते. मध्यम कापडास ८०/१२ व जाडास ९०/१४ या आंकड्यांची घ्यावी. यंत्र मधूनच टांका सोडूं लागलें, तर यंत्रास दोष देण्यापूर्वीं सुई बदलून पाहावी. दोरा पॉलिएस्टरचा असावा. सुती दोरा ताणाखालीं लवकर तुटतो.

आतां टीप. सरळ टिपेंत जितकें कापड तितकाच दोरा असतो. कापड ताणलें कीं दोऱ्यास ताणण्यास जागा उरत नाहीं आणि तो 'टचकन्' तुटतो. नागमोडी, म्हणजे झिगझॅग, टिपेंत दोरा तिरपा जात असल्यामुळें तो सांठवलेला असतो. प्रत्येक टांका दीड मिलिमीटर पुढें व दोन मिलिमीटर बाजूस जात असेल, तर भूमितीच्या नियमानें त्यांत अडीच मिलिमीटर दोरा खर्च होतो. म्हणजे दीडाच्या जागीं अडीच. अशी टीप ताणून सरळ होईपर्यंत कापड शेंकडा साठाहून अधिक लांबूं शकतें. आपल्या नेफ्यास ८० चे १००, म्हणजे शेंकडा पंचवीसच व्हावयाचें आहे. तेव्हां ही टीप निर्धास्तपणें टिकते. बाजूच्या उभ्या शिवणींस इतकी सवलत नको. तेथें टांक्याची रुंदी एक मिलिमीटर व लांबी अडीच ठेवली कीं पुरे.

ज्यांच्या घरीं केवळ सरळ टीप घालणारें जुनें काळें यंत्र आहे, त्यांनीं निराश होऊं नये. बाजूच्या शिवणी उभ्या आहेत आणि उभें कापड फारसें ताणलें जात नाहीं. दोऱ्याचा ताण किंचित् सैल करून, पुढें-मागें हात ठेवून कापड अगदीं थोडें ताणून धरीत सरळ टीप मारली, तर ती टिकते. नेफा व तळाची दुमड मात्र हातानें शिवावी. त्यासाठीं मासळीच्या कांट्यासारखा, एकमेकांस छेदणारा तिरपा टांका घालावा. त्यांतहि दोरा नागमोडीच जातो. म्हणून तो कापडाबरोबर ताणतो.

शिवण्याचा क्रम असा आहे. दोन्ही भागांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून बाजूच्या शिवणी घालाव्या. आरंभीं यंत्र कापडाचें टोंक खालीं ओढूं लागलें, तर खालीं पातळ कागदाची चिठ्ठी ठेवून शिवावें व मागाहून कागद फाडून टाकावा. कापड मागून ओढूं नये. ओढल्यास शिवण लाटांसारखी वळते. झालेल्या लाटा वाफेच्या इस्त्रीनें बऱ्याच बसतात. इस्त्री मात्र उचलून ठेवीत न्यावी, घासूं नये. जर्सीच्या कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहींत, त्यामुळें आंतल्या कडा तशाच राहिल्या तरी चालतात.

मग वरची साडेतीन सेंटिमीटरची पट्टी उलट बाजूस दुमडून नेफा शिवावा, आणि मागच्या बाजूस तीन सेंटिमीटरची फट ठेवावी. अडीच सेंटिमीटर रुंदीचें इलॅस्टिक कमरेच्या मापाहून चार सेंटिमीटर कमी, म्हणजे येथें ७२, आणि जोडासाठीं दोन सेंटिमीटर अधिक घ्यावें. नाडी ओवतों तसें तें सेफ्टी पिनेनें ओवावें. टोंकें लगेच शिवूं नयेत. पिनेनें अडकवून स्कर्ट घालून पाहावा, चालावें, जमिनीवर मांडी घालून बसावें. बसल्यावर इलॅस्टिकखालीं दोन बोटें सहज जातील असें तें असावें. स्कर्ट हलका असल्यानें याहून घट्ट पकडीची गरज नसते. मग टोंकें एकावर एक ठेवून शिवावीं, फट बंद करावी, आणि दोन्ही बाजूंच्या शिवणींवर नेफ्यांतून एकेक उभी टीप मारावी. म्हणजे इलॅस्टिक आंत पीळ घेणार नाहीं.

तळाची दुमड त्याच दिवशीं घालण्याचा मोह आवरावा. स्कर्ट एक रात्र हँगरास टांगून ठेवावा. फांसांचें कापड आपल्या वजनानें थोडें उतरतें, आणि तिरप्या बाजूंस अधिक उतरतें. सकाळीं तो अंगावर घालून जमिनीपासून सर्वत्र सारखी उंची मोजून घ्यावी, वांकडा भाग कापावा आणि मग अडीच सेंटिमीटर एकदांच दुमडून नागमोडी टीप मारावी. दोनदां दुमडण्याची येथें जरुरी नाहीं. त्यामुळें कांठ जाड होऊन लाटा येतात.

एवढ्यानें स्कर्ट पुरा झाला. संवय नसलेल्या हातास एखादी सुटी दुपार पुरेल. दुसऱ्या वेळीं याहून निम्मा वेळ लागेल, कारण कागदाचा नमुना तयार असेल.

हा स्कर्ट हौशी तरुण मुलींचाच, असें मात्र समजूं नका. ज्यांच्या बोटांचे सांधे आंखडले आहेत आणि ज्यांस नाडीची गांठ सोडतां येत नाहीं, अशा वृद्ध आई-आजीला दुसऱ्याची मदत न घेतां कपडे बदलतां येणें, यांत केवढें स्वातंत्र्य आहे! बाळंतपणापूर्वीं व नंतर ज्यांचें माप महिन्यामहिन्यास बदलतें, त्यांस इलॅस्टिक उसवून दोन-चार सेंटिमीटर कमी-अधिक करण्यास दहा मिनिटें पुरतात. गरोदरपणांत पुढची कमर पोटाखालून जाईल अशी खोल कापावी. पोटावर शस्त्रक्रिया झालेल्यांनीं मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानें व्रणाची जागा टाळून नेफा वर किंवा खालीं घ्यावा. साडी नेसणाऱ्या भगिनींस हाच नमुना परकर म्हणून उपयोगी पडतो. त्यासाठीं घोट्यापर्यंत उंची, पाँटेसारखें भक्कम कापड आणि निऱ्यांचा भार पेलण्यास चार सेंटिमीटर रुंदीचें इलॅस्टिक घ्यावें, नेफ्याची पट्टीहि त्या मानानें पांच सेंटिमीटर ठेवावी, आणि पावलास अडथळा होऊं नये म्हणून एका बाजूस गुडघ्यापर्यंत फट सोडावी.

वस्त्र हें अंगासाठीं असतें, अंग वस्त्रासाठीं नसतें. ज्या कपड्यानें दिवसभर आपली आठवण करून द्यावी लागते, तो कितीहि सुंदर असला तरी चांगला शिवलेला म्हणतां येणार नाहीं. एक मीटर कापड, एक गोल टोंकाची सुई आणि थोडा धीर एवढ्या भांडवलावर हा प्रयोग आपण अवश्य करून पाहावा. पहिला स्कर्ट साध्या, गडद रंगाच्या कापडाचा करावा, म्हणजे टिपेचा थोडा वांकडेपणा कोणाच्या दृष्टीस येत नाहीं. आणि तो प्रथम घरांतील ज्या स्त्रीस नाडीचा त्रास सर्वांत अधिक होत असेल, तिच्याच मापाचा शिवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतें.